६० व्होल्टची हब मोटर टेबलावर चालवून बघायचीय, सेफ कसं करू?

मंडळी, आमचं सांगलीत पंपाच्या मोटरी रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, थ्री फेज रोजचंच पण बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर) पहिल्यांदाच हातात आलीय. मेव्हण्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटर (चाकातच बसवलेली), ६० व्होल्ट, दीड किलोवॅट, पावसात पाणी गेलं आणि नुसती थरथरायला लागली. खोलून तिन्ही हॉल सेन्सर (चुंबकांची जागा ओळखून कंट्रोलरला सांगणारे) बदललेत, हाताने चाक फिरवलं की मल्टीमीटरवर तिन्ही सिग्नल ० आणि ५ व्होल्टमध्ये बदलतायत, वायरी सुट्या असताना चाक मोकळं फिरतं आणि कुठल्याही दोन फेज वायरी टेकवल्या की सारखंच जड होतं, म्हणजे वाइंडिंग ठीक असावं.

आता स्कूटरला चढवायच्या आधी अ‍ॅक्सल व्हाइसमध्ये धरून कंट्रोलरवर चालवायचीय. पॅक १६ सेल सिरीजचा, फुल चार्ज ६७ व्होल्ट. मध्ये पंपाच्या पॅनेलमधला १६ अँपिअरचा एमसीबी टाकला तर चालेल का? आणि पॅक जोडताना मोठी ठिणगी पडते त्याचं काय करू? लोड लावणार नाहीये.

प्रतिसाद:
दादा, तो एमसीबी नको, एसीचाय तो. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझते, डीसीत ती जळतच राहते. सोलरवाल्यांकडे डीसीचा एमसीबी मिळतो तो घ्या, शिवाय पॅकच्या प्लसजवळच डीसी फ्यूज.

ठिणगीला तुमचा सिरीज बल्बच कामाचा, पॅक आणि कंट्रोलरच्या मधल्या वायरीत लावायचा! १०० वॅटचा जुना पिवळा, एलईडी नव्हे. कंट्रोलरचे कपॅसिटर त्यातून भरू द्यायचे, मग बल्ब बायपास करायचा. बल्ब मंद लागूनच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, पुढं जायचंच नाही.

व्हाइस टेबलाला बोल्टने पक्का हवा, अ‍ॅक्सल चपट्या बाजूंवर धरा. सुरू होताना तो उलटा फिरायला बघतो, सुटला तर वायरी पिळून तुटतात. टायरच्या रेषेत उभं राहू नका, बिनलोड चाक रस्त्यापेक्षा जोरात पळतं. थ्रॉटलची काळी वायर नीट बघा, ती निसटली तर साध्या कंट्रोलरवर सिग्नल ५ व्होल्टकडे जातो आणि मोटर फुल्ल सुटते, म्हणून ब्रेक कटऑफचा स्विच (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा) हाताशीच ठेवा. चाक घरघरलं आणि करंट खूप चढला तर लगेच बंद करा, फेज आणि हॉलची जोडणी जुळत नसणार.

प्रतिसाद:
आणि पॅकऐवजी बेंच सप्लाय लावणार असाल तर कंट्रोलरचं रीजन (ब्रेक लावताना मोटरकडून वीज परत घेणं) आधी बंद करा, नाहीतर ब्रेक दाबला की करंट उलटा सप्लायमध्ये घुसतो.