मदत हवी आहे: फ्रान्समध्ये सार्लाजवळ मुक्काम, आई-बाबा आणि पोराटोरांना घेऊन रोज कुठे जायचं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्सला चाललोय. पॅरिस वगैरे नाही, थेट दॉर्दोन्यमध्ये (नैऋत्य फ्रान्समधला भाग), सार्ला गावाजवळच्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलंय भाड्याने, शनिवार ते शनिवार. ताई इंग्लंडला असते, तिच्या मुलांची तेव्हा हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, आणि आमच्या मुलांची इकडे पुण्यात सुट्टी चालूच, म्हणून तो आठवडा ठरला. ताई-जिजाजी त्यांची गाडी घेऊन येणार, आम्ही बोर्दोहून भाड्याची गाडी घेणार.

माणसं अशी: आई-बाबा (बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही), आम्ही चौघं मोठे, आणि पाच ते तेरा वयाची चार पोरं ज्यातली मोठी दोन सतत "बोअर होतंय" म्हणतात.

जिजाजींनी एक एक्सेल पाठवलंय ज्यात रोज सकाळी किल्ला दुपारी गुहा संध्याकाळी गाव असं भरलेलं आहे आणि एक दिवस तुलूजला जाऊन स्पेस म्युझियम, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास गाडीतच. मला हे अजिबात पटत नाहीये पण समोर ठेवायला दुसरा प्लॅन नाही. कोणी राहून आलंय का तिकडे? मुख्य प्रश्न हे:

गुहा खूप आहेत, आम्हाला एखाद-दुसरीच झेपेल, कुठली? बाबांना बाहेर बाकावर न बसवता सगळ्यांना एकत्र करता येईल असं काय आहे? आणि आईच्या खाण्याचं काय करायचं, कारण जिथे बघावं तिथे बदक!

चहाबाज_लियों

आधी ते एक्सेल डिलीट करा :) दिवसाला एकच मोठी गोष्ट, बाकी घराच्या अंगणात पोरं खेळू देत. मेअखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी जेवून गावात चक्कर मारता येते, दुपारी उन्हात धावाधाव कशाला.

गुहांचं सांगते. लास्कोची, आदिमानवाने काढलेल्या चित्रांची मूळ गुहा १९४० मध्ये चार पोरांना सापडली, पण माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ पासून बंद आहे. आता बघतो ती प्रतिकृती, मोंतिन्याकमधलं लास्को ४, २०१६ साली उघडलं. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका, बैल-घोडे बघून पोरं गप्प होतात आणि चालायलाही सोपं आहे. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, इंग्रजी गाइडची वेळ ऑनलाइन आधीच धरा.

पण बाबांसाठी माझं मत रुफिन्याकला. तिथे गुहेत चक्क छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनमध्ये बसून आत जातात आणि चित्रं खरीखुरी, मॅमथच मॅमथ (हत्तीसारखा, आता नामशेष झालेला प्राणी). ट्रेन थांबते, दिवा लावतात, आणि भिंतीवर काळ्या रेघांनी काढलेला केसाळ मॅमथ, डोळा सुद्धा दिसतो. आत गारठा असतो, स्वेटर न्या. दुपारी मधे बंद असते, वेळ बघून निघा.

गुडघेदुखी_क्लब

पादिराकबद्दल कोणीतरी बोलेलच म्हणून आधीच लिहितो. जमिनीत भलंमोठं भोक आहे, लिफ्टने किंवा जिन्याने ७५ मीटर खाली जायचं, मग जमिनीखालच्या नदीत होडी. पोरांना वेड लागतं. पण लिफ्ट आहे म्हणून बाबांना आशा लावू नका, होडीतून उतरल्यावर पुढे भरपूर पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या असतात. त्या दिवशी दोन गाड्या दोन दिशांना काढा. तुम्ही पोरांना घेऊन पादिराक, आई-बाबा कोणातरी एकासोबत रोकामादूर. दोन्ही एकमेकांपासून जवळ आहेत, सार्लाहून साधारण तासभर. रोकामादूरला कड्याला चिकटलेलं देवस्थान आहे, भाविक २१६ पायऱ्या चढतात (पूर्वी गुडघ्यांवर चढायचे म्हणे, आपल्याला नको), पण लिफ्ट आहे. काळ्या मेरीची मूर्ती आहे, आईंना नक्की आवडेल.

सगळ्यांनी एकत्र करायचं तर ला रोक-गाजाकची होडी. गाबार म्हणतात, पूर्वी लाकूड आणि वाइनची पिंपं वाहून न्यायच्या त्या चपट्या बोटींसारख्या केल्यात. तासाभराची फेरी, बसल्या जागी किल्ले दिसतात. पोरं मोठी असतील तर कॅनूही मिळतो, ते गाडीने वर सोडतात आणि आपण प्रवाहाबरोबर खाली येतो, पण पोहता येणं लागतं. पाच वर्षांच्या पिल्लाचं विचारून घ्या.

पेठेतली_सून

खाण्याचं मी सांगते. घराला किचन आहे ना? मग चिंता नाही. पण बाहेर एक लक्षात ठेवा, तिथे बटाट्याची भाजी दिसली की आईंसाठी मागवू नका. पोम सार्लादेज म्हणून लसूण घातलेले खरपूस बटाटे मिळतात, दिसायला अगदी आपले, पण बदकाच्या चरबीत परततात. सॅलडवरही बदकाचे तुकडे असतात, ऑर्डर देतानाच सांगा. चीजमध्ये रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) प्राण्याचं असू शकतं, आई ते पाळत असतील तर तेही.

सार्लाचा बाजार बुधवार आणि शनिवारी सकाळी. स्ट्रॉबेरी, अक्रोड, अक्रोडाचं तेल, ताज्या भाज्या. एवढं घेऊन या आणि घरी पिठलं-भात करा.

आणि हो, पुण्याहून तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, कस्टमने काढून घेतलं तर आई दिवसभर हळहळतील. भाजणी, मेतकूट, साबुदाणा, गोडा मसाला बिनधास्त. तूप तिथेच कढवा, "दू" लिहिलेलं लोणी घ्यायचं, ते बिनमिठाचं. काय वास सुटतो!

मूळ धागाकर्ती

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! रुफिन्याक आणि गाबार पक्कं. जिजाजींना धाग्याची लिंक पाठवलीये, तुलूज अजून सोडायला तयार नाहीत :( किल्ला एकच करायचा तर कुठला? आमची पोरं सिंहगड-राजगड करणारी आहेत, नुसत्या खुर्च्या-पडदे दाखवून भागणार नाही.

चहाबाज_लियों

कास्तेलनो. युद्धाचं म्युझियम आहे, तलवारी, चिलखतं, आणि बाहेर दगड फेकायची अजस्र लाकडी यंत्रं उभी केलीत. वरून समोर नदीपलीकडे बेनाकचा किल्ला दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात एक इंग्रजांकडे एक फ्रेंचांकडे, समोरासमोर. ताईच्या मुलांना आणि तुमच्यांना भांडायला आयता विषय. मात्र पार्किंगपासून चढ आहे.

बाबांना त्या दिवशी जवळच्या मिलांदला न्या. जोसेफिन बेकरचं घर. अमेरिकेतून आलेली नर्तकी, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी गुप्त काम केलं, मग बारा मुलं दत्तक घेऊन इथे राहिली. शेवटी कर्जापायी घर गेलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोर लोकांच्या स्मारकात, मान मिळाला. घरात तिचे कपडे वगैरे आहेत आणि बागेत ससाणे-घुबडं उडवून दाखवतात, ते बाबा खुर्चीत बसून बघू शकतात. आत जिने आहेत, वरचे मजले सोडा.

मार्केसाकची बाग मेणबत्त्यांत उजळतात ते फोटो बघून जाऊ नका, ते फक्त जुलै-ऑगस्टमधल्या गुरुवारी. दिवसा मात्र छान आहे, मोर आहेत.

गुडघेदुखी_क्लब

गाडीचं राहिलं. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. खेड्यातल्या चौकात बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही छोट्या बोळातून येऊ दे आणि कितीही जोरात येऊ दे. जिजाजींना हे सांगाच, त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असणार.

घर शनिवारी बहुतेक चारनंतर ताब्यात मिळेल. त्याआधी सुपरमार्केट उरका, रविवारी दुपारनंतर खेड्यात पाव पण मिळायची मारामार. आणि त्या सोमवारी पेंटेकॉस्टची (ख्रिश्चन सण) सुट्टी येत्ये का बघा, ईस्टरप्रमाणे तारीख सरकते. सुट्टी असेल तर लास्को-पादिराक त्या दिवशी ठेवू नका, सगळा फ्रान्स तिथेच असतो.