एनजिनएक्स: ४,०९६ कनेक्शन असूनही २,००० वरच अडतं

प्रश्न: एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे ४ वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस), प्रत्येकी १,०२४ कनेक्शन, मागे ॲप सर्व्हर. साधारण २,००० युजर झाले की एरर लॉगमध्ये 'कनेक्शन पुरत नाहीत' असं येतं. सीपीयू मात्र रिकामा. असं का?

उत्तर: २,००० वर अडणं हिशोबाला धरूनच आहे. प्रॉक्सी करताना, म्हणजे रिक्वेस्ट मागच्या ॲपकडे पाठवताना, एका रिक्वेस्टला दोन कनेक्शन लागतात, एक ब्राउझरकडचं, एक ॲपकडचं. म्हणजे निम्मेच युजर. वर्कर कनेक्शन्स (प्रत्येक वर्करची कनेक्शन मर्यादा) ४,०९६ करा, पण सोबत वर्कर आरलिमिट नोफाइलही (एका वर्करला किती फाइल उघडता येतील ती मर्यादा) वाढवा. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक फाइल डिस्क्रिप्टर (सिस्टिमच्या लेखी एक उघडी फाइल), आणि बहुतेक ठिकाणी ती मर्यादा १,०२४ च असते. नाहीतर आता 'टू मेनी ओपन फाइल्स' ही एरर दिसेल.

उत्तर: नुसतं वाढवू नका हो. सीपीयू रिकामा म्हणजे वर्कर ॲपच्या उत्तराची वाट बघतायत. डेटाबेसची क्वेरी ५ सेकंद घेत असेल तर दोन्ही कनेक्शन तेवढा वेळ अडकतात. लॉग फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या ॲपला उत्तर द्यायला लागलेला वेळ) घाला, आधी तो बघा. प्रॉक्सी रीड टाइमआउट (ॲपच्या उत्तराची वाट बघायची मुदत) मुळात ६० सेकंद असतो. तो संपला की ब्राउझरला ५०४ (गेटवे टाइमआउट) एरर जाते. ही मुदत पूर्ण उत्तराची नव्हे, दोन रीडमधल्या अंतराची.

उत्तर: लिनक्सवर 'एसएस -एलएनटी' ही कमांड चालवून रिसीव्ह-क्यूही (स्वीकारली जायची वाट बघणाऱ्या कनेक्शनची रांग) बघा. लिनक्स कर्नल ५.४ च्या आधीचा असेल तर सोमॅक्सकॉन (या रांगेची कमाल लांबी) मुळात १२८ च असतो, रांग तिथेच भरते.