परमिटवर नक्की काय लिहिलंय? परदेशी नोकरीतले अनुभव इथे लिहा

परदेशात नोकरी कशी मिळवायची यावर सांगणारे पैशाला पासरी आहेत. परमिट हातात पडल्यानंतरचं मात्र ज्याचं त्याला कळतं, तेही बहुधा नोकरी सुटली किंवा बदलायची वेळ आली की. बहुतेक परमिटं एका मालकाला, एका हुद्द्याला आणि एका तारखेला बांधलेली असतात. यातली कुठली गाठ तुम्हाला काचली, ती कशी सुटली, हे लिहा. कंपन्यांची आणि एजंटांची नावं नकोत. पगाराचे आकडेही नकोत, नाहीतर धागा भलतीकडे जातो.

सुरुवात मी करते. अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुशल नोकरदारांच्या व्हिसावर आहे. लॉटरीचं पुराण सगळ्यांना पाठ आहे: वर्षाला ६५,००० आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, मार्चमध्ये नोंदणी, नंबर लागला तर १ ऑक्टोबरपासून काम. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा बोजाही आला. पण मला बोलायचंय आय-९४ बद्दल, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीबद्दल. व्हिसाचा शिक्का दारातून आत येण्यापुरता; आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. मी सुट्टीवरून परतले तेव्हा मंजुरीपत्रावरची तारीख बरीच पुढची होती, पण पासपोर्ट त्याआधी संपत होता. आय-९४ वर पासपोर्टाचीच तारीख पडली. प्रवेशाच्या शिक्क्यावर पेनाने लिहिलेली ती तारीख इतकी बारीक की मंजुरीपत्र शेजारी ठेवल्यावरच फरक लक्षात आला. नवा पासपोर्ट काढला म्हणून ही तारीख आपोआप पुढे सरकत नाही. देशाबाहेर जाऊन परत या, नाहीतर कंपनीला मुदतवाढीचा अर्ज करायला लावा.

अमेरिका, लेऑफनंतर

ताई, तुमच्या मुद्द्याला जोडून. नोकरी गेल्यावर ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो असं सगळे सांगतात. नियम असा आहे की ६० दिवस किंवा आय-९४ ची मुदत, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे तारीख अलीकडची पडलेली असेल तर ६० चे २०सुद्धा होऊ शकतात. या काळात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की निकालाची वाट न बघता तिथे रुजू होता येतं, हा मोठा आधार.

दुसरं, घरूनच काम आहे म्हणून परस्पर लांबच्या शहरात बिऱ्हाड हलवू नका. कामाचं ठिकाण जुन्या महानगर क्षेत्राबाहेर गेलं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. आमच्या टीममधल्या एकाने मॅनेजरला सांगितलं, एचआरला नाही. पुढे मुदतवाढीच्या वेळी सगळी जुनी बिलं आणि भाडेकरार काढून बसावं लागलं.

जर्मनी, परिचारिका

माझी गाठ हुद्द्याची होती, आणि ती सोडवण्यात सगळी शक्ती गेली.

जर्मनीत परिचारिकेचं काम नियंत्रित व्यवसायात मोडतं. पदवी मान्य होईपर्यंत स्वतःला परिचारिका म्हणवता येत नाही, मग मागे कितीही वर्षांचा अतिदक्षता विभागातला अनुभव असो. कागदपत्रं पाठवल्यावर एक पत्र येतं. त्यात त्यांचा अभ्यासक्रम आणि आपला अभ्यासक्रम तासांनुसार शेजारी शेजारी मांडून कुठे किती कमी पडलं ते लिहिलेलं असतं. माझ्याकडे वृद्धसेवा आणि पुनर्वसन कमी निघालं. पुढे दोन वाटा: वॉर्डात राहून ते तास भरून काढायचे, किंवा तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णाजवळची परीक्षा द्यायची. मी तास भरले. भाषा बी-२ या पातळीपर्यंत आणावी लागते ती वेगळीच, आणि वर्गातली जर्मन आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांची बोलीभाषा यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

तोपर्यंत माझ्या राहण्याच्या कार्डासोबत एक घडीचा कागद होता. अमुक रुग्णालयात, मान्यता प्रक्रियेतली कर्मचारी म्हणून काम करण्यास परवानगी, अशा अर्थाची ओळ त्यावर. कार्ड सगळे जपून ठेवतात, हा कागद ड्रॉवरमध्ये टाकून देतात. खरं परमिट त्या ओळीत असतं.

मदतनीस म्हणून काम काय, तर रुग्णांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. त्यात कमीपणा नाही, तिथल्या पूर्ण परिचारिकाही हे करतात. आपल्याकडून गेलेल्यांना त्याचाच पहिला धक्का बसतो. पण एकदा एका शिकाऊ मुलाला रुग्णाची शीर सापडेना. दोनदा टोचून झालं, आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. मला ती शीर दिसत होती, बोटाखाली आली असती. कागदावर ते काम माझं नव्हतं. मी त्याला हळूच सांगितलं, हात जरा खाली लोंबू दे, पट्टा सैल करून परत बांध. लागली.

मान्यतापत्र आल्यावर परमिटही बदललं. तरी एक गाठ राहिलीच: करारातलं कलम. भाषेचा आणि प्रवासाचा खर्च कंपनीने केलेला, अमुक मुदतीआधी सोडलं तर तो परत करायचा. परमिट सुटसुटीत झालं तरी हे कलम तसंच राहतं. सही करण्याआधी ती रक्कम वर्षागणिक कमी होते का, एवढं तरी विचारा.

कतार, एसी टेक्निशियन

मी जुना माणूस. आमच्या वेळी मालकाच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) दुसरीकडे जाता येत नव्हतं आणि देश सोडायलाही मालकाची परवानगी लागायची. २०१८ मध्ये बहुतेकांची एक्झिट परमिट गेली, २०२० मध्ये एनओसी गेली. आता नोकरीला दोन वर्षं व्हायच्या आत बदलायचं तर एक महिन्याची नोटीस, त्यानंतर दोन महिन्यांची. कायद्यात. प्रत्यक्षात कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, तोंड वाकडं करतो, खोट्या तक्रारीची भीती घालतो. म्हणून राजीनामा तोंडी कधी देऊ नये, सरकारी ऑनलाइन यंत्रणेतूनच द्यावा आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी.

पोरांना एकच सांगणं. आखातात ‘फ्री व्हिसा’ नावाचं काही नसतं. एकाच्या नावावर यायचं आणि काम दुसरीकडे करायचं, त्यासाठी दरवर्षी त्या पहिल्याला पैसे मोजायचे, हे सरळसरळ बेकायदा. अपघात झाला, पगार अडकला तर कुणाकडे जाणार? कागदावरच्या मालकाने तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं.

सिंगापूर

आम्ही डिपेंडंट. नवऱ्याचं परमिट असलं की बायकोला काम करता येतं असं समजून बरेच जण येतात. पूर्वी संमतीपत्रावर नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून स्वतःचा वर्क पास लागतो. आणि एम्प्लॉयमेंट पाससाठी पगाराच्या अटीबरोबर ४० गुणही जमवावे लागतात: पदवी, कंपनीतली राष्ट्रीयत्वांची सरमिसळ वगैरे. त्यातले अर्धे गुण कंपनीवर अवलंबून, आपल्या हातात काही नाही. मला मुलाखतीत पसंत करून मग ‘पास बसत नाही’ म्हणून फोन आला. जाण्याआधी दोघांच्या नोकरीचा हिशेब एकत्र मांडा, बाकी काही नाही.

ब्रिटन, केअर वर्कर

लिहू की नको असं झालं होतं. एजंटाला पैसे भरून आले. स्पॉन्सर, म्हणजे ज्या कंपनीच्या नावावर व्हिसा ती, सरकारी यादीत होता, मी स्वतः तपासलं होतं. आल्यावर कामाचे तासच नाहीत. आज फोन येईल, उद्या येईल. एका खोलीत आम्ही चौघी, चौघींचा स्पॉन्सर एकच, आणि पगारपत्रकावर कागदोपत्री तास. मग कंपनीचा परवानाच रद्द झाला आणि आम्हाला पत्र आलं: ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत जा.

एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर कंपन्यांना आधी आमच्यासारख्या अडकलेल्यांमधून माणसं घ्यायचा प्रयत्न करावा लागतो. मला तशीच नोकरी मिळाली. चौघींपैकी एक परत गेली, तिचं कर्ज अजून फिटतंय. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी केअर भरती बंदच आहे. आजही कुणी ‘केअर व्हिसा’ विकत असेल तर ते काय विकतंय ते ओळखा.

एचआरमधून

ताई, तुमच्या अनुभवातला एक मुद्दा लोकांनी नीट घ्यावा. यादीत नाव असणं म्हणजे कंपनीला परवाना आहे, एवढंच. काम आहे की नाही, हे यादी सांगत नाही.

आता थोडं टेबलाच्या या बाजूने. कर्मचारी सोडून गेला की ब्रिटनमध्ये आम्हाला १० कामाच्या दिवसांत कळवावं लागतं, त्यात लपवाछपवी करता येत नाही. त्यामुळे ‘थोडे दिवस सांगू नका ना’ असं एचआरला गळ घालू नका. आणि बढती! हुद्दा बदलला आणि त्याचा व्यवसाय-कोड बदलला तर नवा अर्ज लागतो. टेस्टरचा मॅनेजर झालात म्हणून पेढे वाटण्याआधी एकदा आम्हाला विचारा. आयर्लंडला असाल तर पहिल्या मालकाकडे ९ महिने काढावे लागतात, पूर्वी १२ होते.

प्रश्न

जर्मनीच्या चान्सनकार्टवर (नोकरी शोधण्यासाठी तिथे राहू देणाऱ्या परवान्यावर) जाऊन नोकरी शोधावी असं चाललंय. त्यावर काम करता येतं का?

जर्मनी, परिचारिका

आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ करता येतं. मुदत एक वर्षापर्यंत. खर्चाची सोय आधी दाखवावी लागते, बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं, उघडतात. पण तुमचा व्यवसाय नियंत्रित प्रकारातला असेल तर आधी मान्यतेचा अर्ज टाका, तिथे जाऊन टाकू म्हणाल तर वर्ष त्यातच सरेल. शिक्षण कशातलं आहे तुमचं?