एफ-३५ किंवा सुखोई-५७ आपल्याला खरंच मिळेल का? जाणकारांनी सांगा

शिरोलीनाका

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल रंकाळ्यावर आमच्या ग्रुपमध्ये या विषयावरून रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला आणि घरी आल्यावर पण डोक्यातून जाईना म्हणून इथं विचारतोय.

भारताला बाहेरून स्टेल्थ फायटर, म्हणजे रडारवर सहज न दिसणारं लढाऊ विमान, मिळायची शक्यता खरंच किती आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी वॉशिंग्टनला गेलेले तेव्हा ट्रम्प स्वतः बोलले की भारताला एफ-३५ देण्यासाठी वाट मोकळी करतोय, त्याच आठवड्यात बंगळुरूच्या एरो इंडियात एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ दोन्ही आलेली, सगळ्यांच्या स्टेटसला तेच फोटो होते. आणि मग ऑगस्टमध्ये सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर दिलं की एफ-३५ बद्दल अजून औपचारिक बोलणीच झालेली नाहीत. मग आपण नेमकं काय धरायचं?

तिकडं चीनचं जे-२० २०१७ पासून सेवेत आहे. चीन आपल्याला ४० जे-३५ द्यायला तयार आहे असं पाकिस्तान सरकारनं जून २०२५ मध्ये जाहीर केलं, ती येतील न येतील तो भाग वेगळा. आणि आपल्याकडं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) उरल्या २९, मंजूर आहेत ४२. माझा मित्र म्हणतोय पैसे टाकले की काय पण मिळतंय. मला ते पटत नाही पण उत्तर पण देता येईना. माझा चुलतभाऊ एअरफोर्समध्ये आहे, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी नुसता गप्पांचा नाही.

टाकळीकर_निवृत्त

पोरा, चांगला प्रश्न विचारलास. मी सैनिक टाकळीचा, शिरोळ तालुका. एअरफोर्समध्ये वीस वर्षं ग्राउंड क्रूला काढली, इंजिनवर काम केलं. तुझ्या मित्राला एवढंच विचार की विमान विकत घेणं आणि विमान रोज उडतं ठेवणं या दोन गोष्टी त्याला एकच वाटतात का. आमच्या वेळी सोव्हिएत युनियन फुटल्यावर सुट्या भागांची जी ओढाताण झाली ती आम्ही हातानं भोगलीय. एका विमानाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा आणि पहिलं हँगरमध्ये तसंच उभं ठेवायचं. विमान मोजायला दोन, उडणारं एक.

आता एफ-३५ बद्दल. तुर्कस्तानचं उदाहरण नीट बघ. ते नुसते गिऱ्हाईक नव्हते, त्या प्रोग्राममध्ये भागीदार होते, त्यांच्या कारखान्यांत त्या विमानाचे शेकड्यानं पार्ट बनत होते, १०० विमानं घ्यायची ठरलेली. २०१८ ला अमेरिकेतच समारंभ करून पहिलं विमान त्यांच्या नावावर सुद्धा केलेलं. पण त्यांनी रशियाचं एस-४०० (शत्रूची विमानं पाडणारी मिसाइल यंत्रणा) घेतलं, जुलै २०१९ मध्ये त्याचा पहिला माल अंकाराजवळ उतरला आणि त्याच महिन्यात अमेरिकेनं त्यांना प्रोग्राममधनं बाहेर काढलं. ती विमानं अमेरिकेतच राहिली. अमेरिकेचं म्हणणं असं की एकाच देशात एस-४०० चं रडार आणि एफ-३५ दोन्ही असतील तर रोज उडणाऱ्या विमानावरनं ते रडार हळूहळू शिकणार की हे दिसतंय कसं. आता आपण बघ, आपण ऑक्टोबर २०१८ ला पाच एस-४०० चा करार केला, ५४३ कोटी डॉलरचा, त्यातल्या तीन आल्या, तैनात झाल्या, आणि मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये त्यांनी किती उपयोग दिला ते सगळ्या देशानं बघितलं. ती आपण सोडणार नाही आणि सोडू पण नये. मग एफ-३५ कुठनं मिळणार?

दुबई-अबुधाबीवाल्यांकडं तर पैशाची काय कमी? त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये ५० एफ-३५ च्या कागदावर सही केलेली. चीनच्या हुआवेचं ५जी नेटवर्क, विमान वापरायच्या अटी, यावरनं घोडं अडलं आणि डिसेंबरमध्ये त्यांनीच बोलणी थांबवली. हे तुझ्या मित्राला सांग.

पंचगंगा_घाट

काका एकदम बरोबर. आणि तिरुवनंतपुरमचं विसरला का? १४ जून २०२५ ला ब्रिटनच्या नौदलाचं एफ-३५बी तिथं उतरलं, मग हायड्रॉलिकमध्ये बिघाड निघाला आणि पाच आठवडे तिथंच. सुरुवातीला भर पावसात उघड्यावर, बाजूला आपले सीआयएसएफचे जवान पहाऱ्याला. शेवटी ब्रिटनहून मालवाहू विमानानं त्यांची माणसं आली, तेव्हा ते हँगरमध्ये ढकललं आणि २२ जुलैला उडालं. आपल्या माणसांना त्याला हात पण लावता आला नाही.

टाकळीकर_निवृत्त

हो, तेच म्हणतोय. त्या विमानाची दुरुस्ती, सुटे भाग, कुठला पार्ट किती तास चाललाय, सगळी नोंद अमेरिकेनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये असती. लोक म्हणतात त्यात एक बटण असतंय, दाबलं की विमान बंद. बटण असायची गरजच नाही बाळा. सॉफ्टवेअरचं अपडेट थांबवलं आणि सुटे भाग थांबवले की काही महिन्यांत आपोआप जमिनीवर येतंय. शिवाय त्याच्या अंगावर जो रडारची लहर शोषणारा लेप असतोय तो जपायचा म्हणजे वेगळं हँगर, वेगळं वातावरण, वेगळी माणसं, आपल्या हवेत, आपल्या पावसात.

वरुणतीर्थ

मग रशियाचं का नको? ते तर इथं भारतातच बनवा म्हणतायत. नाशिकच्या ओझरला एचएएलचा कारखाना आहे, तिथंच सुखोई-३० बनली, माणसं तयार आहेत, ब्राह्मोस मिसाइल पण त्यावर इथंच लावलं. अमेरिका एफ-३५ ला ब्राह्मोस लावून देईल का? रशियानं कधी आपल्याला दगा दिलेला नाही, हे मी मनापासून सांगतोय.

शिरोलीनाका

दादा पण सुखोई-५७ वरनं आपण रशियाबरोबर मिळून विमान बनवणार होतो ना, त्यातनं बाहेर का पडलो मग?

वरुणतीर्थ

२००७ ला करार झाला, २०१० ला नुसत्या प्राथमिक डिझाइनसाठी २९.५ कोटी डॉलर आपण दिले, आणि २०१८ ला बाहेर पडलो. एअरफोर्सला त्याचं स्टेल्थ पुरेसं वाटत नव्हतं, इंजिन जुन्याच घराण्यातलं होतं, आणि काम किती आपल्या हाताला येणार यावर पण एकमत होईना. नवीन इंजिन रशिया आता आणतोय, म्हणून मी म्हणतो पुन्हा बघायला हरकत नाही. पण त्यांची स्वतःची ७६ विमानांची ऑर्डर २०१९ ची आहे आणि वर्षाला मोजकीच बाहेर पडतायत, युद्ध चालू, पार्टवर निर्बंध. आपला नंबर कधी लागणार ते मला पण सांगता येणार नाही.

फौंड्रीवाला_गोकुळशिरगाव

सगळं वाचलं. मी विमानातला माणूस नाही पण वितळलेल्या धातूत माझी अठ्ठावीस वर्षं गेलीत, त्यामुळं मला जे दिसतंय ते सांगतो, जरा लांब होईल.

तुम्ही सगळे विमान विमान करताय, खरं अडतंय ते इंजिनपाशी आणि इंजिनात अडतंय ते पातीपाशी. टर्बाइनची पाती म्हणजे तळहाताएवढा तुकडा. आम्ही इथं एसजी आयर्न (चिवट बीड) ओततो तेव्हा लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, चौदाशे डिग्रीच्या आसपास असतंय, आणि ते साच्यात गेलं की आमचं काम संपलं, थंड झालं की फोडायचं, फेटलिंग (घासून साफ) करायचं, मशीनिंगला द्यायचं. त्यात पण एक ब्लोहोल (आत अडकलेल्या हवेचं भोक) निघाला की ग्राहक अख्खा लॉट परत पाठवतोय. आता ही पाती बघा. निकेलचा सुपरअलॉय, तो साधारण साडेतेराशेला वितळतो, आणि तिच्या अंगावरनं जो गॅस जातोय तो सोळाशेच्या वर. म्हणजे वितळायच्या वरच्या आगीत ती पाती उभी आहे, ते पण मिनिटाला हजारो फेरे फिरत. टिकते कशी, तर आतनं पोकळ असती, आत वळणावळणाच्या वाटा, त्यातनं हवा खेळवतात आणि बारीक भोकांतनं ती बाहेर येऊन पातीवर हवेचा पातळ थर धरती. त्या पोकळीसाठी सिरॅमिकचा कोअर. कोअर ओतताना केसाएवढा जरी हलला तर पाती गेली.

आणि एवढ्यावर पण भागत नाही. साध्या कास्टिंगमध्ये धातू थिजताना हजारो कण तयार होतात आणि कणांच्या मधल्या ज्या सीमा असतात तिथनंच ते तापलेलं असताना ताणलं जातंय, फाटतंय. म्हणून ती पाती एकाच स्फटिकाची ओततात. व्हॅक्युम फर्नेसमध्ये साचा गरम ठेवायचा, खाली पाण्यानं गार केलेली तांब्याची प्लेट, आणि साचा अगदी सावकाश खाली काढत न्यायचा. खालनं कण वर वाढत येतात, मधे स्प्रिंगसारखी पिळदार अरुंद वाट ठेवलेली असती, त्यातनं एकच कण पार होतो आणि मग अख्खी पाती त्या एकाच कणाची बनती. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. आम्ही धातूला घाईनं ओततो, आणि ही माणसं त्याला वाढवतात, झाडासारखं.

हे जगात चार-पाच देशांनाच नीट जमलंय आणि कुणीच दुसऱ्याला शिकवत नाही. हैदराबादच्या डीएमआरएल या सरकारी संरक्षण प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशा ६० पात्या ओतून २०२१ मध्ये एचएएलला दिल्या, त्या बातमीचं कात्रण माझ्या ऑफिसात लावलंय. म्हणजे रस्ता सुरू झालाय. पण फायटरच्या इंजिनापर्यंत अजून बरंच चालायचंय. तेजसचं बघा, मार्क-१ए साठी २०२१ ला ९९ इंजिनं अमेरिकेकडं मागितली, पहिलं हातात पडलं मार्च २०२५ ला. सांगाडे तयार आणि इंजिन नाही. हे आपल्या स्वतःच्या विमानाचं, मग परक्याचं अख्खं विमान आणलं तर काय होईल विचार करा. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटन जोराचं फायटरचं इंजिन इथंच तयार करायचं सरकारनं सांगितलं तेव्हा मला एफ-३५ च्या बातमीपेक्षा जास्त आनंद झाला.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सगळ्यांचं ऐकून पण मला वेगळं म्हणायचंय. आपलं अॅम्का (देशातच बनणारं स्टेल्थ फायटर) येईपर्यंत २०३४-३५ उजाडणार, ते पण सगळं वेळेवर झालं तर, आणि वेळेवर होत नाही हा अनुभव आहे. मधली दहा वर्षं पायलटनं काय करायचं? दोन स्क्वाड्रन तरी घ्या बाहेरनं, सराव होईल, स्टेल्थ विरुद्ध कसं लढायचं ते आपल्या पोरांना कळेल. इंजिनाची पाती देशात बनली पाहिजे हे मान्य, पण लढाई पातीची वाट बघत थांबत नाही.

टाकळीकर_निवृत्त

तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, ही काळजी मला पण रात्री छळती. पण हिशेब मांडा. राफेलचा करार सप्टेंबर २०१६, पहिली पाच अंबाल्याला आली २९ जुलै २०२० ला, छत्तीसावं आलं डिसेंबर २०२२ ला. तयार विमान, आधीच चालू असलेला कारखाना, मैत्रीचा देश, तरी सहा वर्षं. स्टेल्थचा करार उद्या सकाळी झाला तरी पायलट, हँगर, क्रू सगळं तयार होईस्तोवर तुम्ही २०३३ च्या आसपास पोचताय, म्हणजे अॅम्काच्या दारातच. आणि तेवढा पैसा तिकडं गेला की इकडं हात आखडता होतोय. अॅम्काच्या नमुना विमानांसाठी मार्च २०२४ ला १५ हजार कोटी मंजूर झालेत. त्यापेक्षा कितीतरी जास्त, ५९ हजार कोटी, ३६ राफेलना गेले.

आणि पोखरणनंतरचं १९९८ आठवा. तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर काम करायला आपले इंजिनिअर अमेरिकेत गेलेले, निर्बंध लागले आणि त्यांना परत पाठवलं. पण त्याच माणसांनी इथं येऊन ते काम पुरं केलं आणि जानेवारी २००१ ला तेजस उडालं. मधल्या काळाला राफेल अजून घ्या, तेजस भराभर काढा, लांबचा मारा करणारी मिसाइलं वाढवा, रडार वाढवा. माझं मत हेच आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

तारखांचं पटलं. दोन स्क्वाड्रनचं अजून पूर्ण सोडवत नाही, पण तुम्ही म्हणताय तसं दोन्ही एकाच वर्षी येणार असेल तर अवघड आहे.

शिरोलीनाका

काका, सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला अख्खी लिंक पाठवली, तुर्कस्तानचं वाचून तो गप्प बसलाय. फौंड्रीवाले काका, मला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरवायचाय, गिअरबॉक्सचा घेणार होतो पण आता इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवर (मेणाच्या नमुन्यावरनं साचा करून ओतायची पद्धत) करावं वाटतंय. तुमच्याकडं यायला जमेल का? व्हॅक्युम फर्नेस नसली तरी चालेल, धातू थिजतो कसा तेच आधी नीट बघायचंय.

फौंड्रीवाला_गोकुळशिरगाव

ये की. सकाळच्या शिफ्टला सातला ये, पहिली हीट (भट्टीतला पहिला घाणा) साडेआठला निघती. बूट आणि सुती कपडे घालून ये, नायलॉनचा शर्ट घालून भट्टीजवळ सोडणार नाही. एक मोडलेलं कास्टिंग बाजूला काढून ठेवतो, त्याच्यात कण डोळ्यानं दिसतात, तिथनं सुरुवात करू.