मदत हवी आहे: मामांचा 'भोवरा सिद्धांत' नक्की कुठे अडतो?

नमस्कार मंडळी. विषय विज्ञानाचा आहे, पण अडचण घरगुती.

माझे मामा विजयदुर्गला असतात. आयुष्यभर बोटींच्या इंजिनांची कामं केली, आता हापूसची कलमं आणि वाचन. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पुठ्ठ्याचा खोका, ब्लेडची दोन पाती आणि जुन्या सीडीचा तुकडा एवढ्यावर वर्णपट बघायचं यंत्र बनवलं. गॅसच्या ज्योतीत मिठाचं पाणी शिंपडायचं आणि खोक्याच्या भोकाला डोळा लावायचा: काळ्यावर एक पिवळीजर्द रेघ दिसते. घरी येईल त्याला आधी रेघ, मग चहा.

इथवर कौतुकच आहे. पण त्यातून आता सिद्धांत निघालाय. तो असा: इलेक्ट्रॉन म्हणजे भोवरा. अणू तापला की भोवरा जोरात फिरायला लागतो, हाच 'उत्तेजित अणू'. वेग उतरला की शिल्लक शक्ती प्रकाश होऊन बाहेर पडते. सोडियमच्या पिवळ्या रेघेत खरं तर दोन रेघा असतात (५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर) हे त्यांनी कुठेतरी वाचलं. त्याचंही उत्तर तयार: काही भोवरे उजवे, काही डावे.

१८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनाचा कार्यक्रम असतो, तिथे शाळेच्या मुलांपुढे हे मांडायचं घाटतंय. मी बी.एस्सी. केमिस्ट्रीवाला. इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगचाच फिरकीसारखा गुण, ज्यामुळे तो इवलासा चुंबक होतो) त्याच्या मापात कायम अर्धाच, तो कमी-जास्त होत नाही, एवढं मला पाठ आहे. पण 'पुस्तकात आहे' या उत्तराला मामांकडे शून्य किंमत. म्हणतात, "माका चूक खंय ती दाखव, मगे मी गप रवतंय." मागणी रास्तच आहे.

तर त्यांच्याच रेघेवरून, फार गणित न करता, दाखवता येईल असं काही आहे का? 'क्वांटममध्ये असंच असतं' हे कृपया नको. ते मीच सांगून बसलोय.

प्रतिसाद: खाडीकाठ

त्यापेक्षा मामांना आंब्यावर बोलायला सांगा. गर्दी जास्त होईल.

धागाकर्ता

ऑगस्टात आंबा कुठला? नाहीतर मीच सुचवलं असतं.

प्रतिसाद: रत्नांग्रीकर

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मामांच्या पद्धतीच्या चोपड्या दरवर्षी एक-दोन तरी हातात येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः काही बघितलेलंच नसतं. मामांनी बघितलंय, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात मजा आहे.

पहिला प्रश्न विचारा: भोवऱ्याचा वेग थोडाही उतरू शकतो, खूपही उतरू शकतो. मग खोक्यात सगळ्या रंगांचा पट्टा का दिसत नाही? एकच बारीक रेघ का? यावर मामा म्हणतील, वेग पायऱ्यांनी उतरतो. म्हणू द्या.

मग खरा मुद्दा काढा. उजव्या-डाव्याचा त्यांचा अंदाज चक्क बरोबर आहे! सोडियमचा सगळ्यात बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन वरच्या, ३पी म्हणतात त्या, पातळीत जातो. तिथे केंद्राभोवतीच्या त्याच्या गतीमुळे त्याला चुंबकीय क्षेत्र जाणवतं. त्याचा स्वतःचा चुंबक, म्हणजे स्पिन, त्या गतीशी जुळता असला तर ऊर्जा किंचित जास्त, उलटा असला तर किंचित कमी. म्हणून दोन रेघा. पण फरक बघा: ५८९ मध्ये ०.६, म्हणजे जेमतेम हजारावा भाग. ऊर्जेत मोजा, तेच. पिवळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि स्पिनच्या दिशेने पडणारा फरक ०.००२१. हजारातले ९९९ भाग इलेक्ट्रॉनने जागा बदलल्याचे. तो ३पी वरून खालच्या, ३एस म्हणतात त्या, पातळीवर उतरतो, सुमारे १६ नॅनोसेकंदांत. उतरण्याआधी स्पिन अर्धा, उतरल्यावरही अर्धाच.

निव्वळ स्पिन उलटल्यावर काय मिळतं, तेही माहीत आहे. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन प्रोटॉनच्या स्पिनशी समांतर असतो तो उलटा झाला की २१ सेंटिमीटरची लहर निघते. हा रेडिओ झाला, डोळ्याला दिसायचा नाही. ऊर्जा मामांच्या पिवळ्या प्रकाशाच्या साडेतीन लाखावा भाग. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी तीच लहर ऐकतात.

आणि खरोखरचा भोवरा धरला तर काय होतं, ते १९२५ मध्येच कळलं होतं. उलेनबेक आणि गाउडस्मिट या लायडनच्या दोन तरुणांनी फिरत्या इलेक्ट्रॉनची कल्पना लिहून काढली. थोर भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झने हिशेब करून दाखवलं की हे जमत नाही. इलेक्ट्रॉनचा गोळा २.८ फेम्टोमीटर त्रिज्येचा धरला (जुन्या हिशेबातला आकडा), तर त्याच्या कडेचा वेग प्रकाशाच्या सुमारे १७० पट येतो. घाबरून ते लेख परत घ्यायला गेले, तर त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिलेला. स्पिन टिकला, गोळा गेला. मामा १९२५ च्या उत्तम संगतीत आहेत, हे त्यांना जरूर सांगा.

प्रतिसाद: खाडीकाठ

बरं, विजयदुर्गाचं काय? लॉकियर साहेबाने, त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, किल्ल्यातूनच हेलियम शोधला ना?

प्रतिसाद: रत्नांग्रीकर

नाही हो. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात तो इथे नव्हता. त्याने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडातून बघितली, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. कार्यक्रमात हे बोलायचं की नाही, ते गावकीचं बघून ठरवा.

पण मामांना भाषणासाठी विषय हवा असेल तर याच रेघेत आहे. हेलियमची ५८७.६ ची पिवळी रेघ येते ती दोन्ही इलेक्ट्रॉनचे स्पिन एका दिशेचे असलेल्या उत्तेजित अणूंमधून. पाउलीच्या नियमाने असे दोघे एकत्र तळाच्या पातळीत राहू शकत नाहीत. एकाला वरच थांबावं लागतं, आणि खाली यायचं तर स्पिन उलटायला हवा. प्रकाश सोडताना तो सहसा उलटत नाही. त्यामुळे एका दिशेच्या स्पिनच्या या घराण्यातली सगळ्यात खालची अवस्था एकट्या अणूत दोन तासांहून जास्त टिकते. कुठे सोडियमचे १६ नॅनोसेकंद! हेलियमच्या रेघांची दोन घराणी, एका दिशेच्या स्पिनचं आणि उलट दिशांच्या स्पिनचं, इतकी वेगळी दिसायची की १८९५ मध्ये रुंगे आणि पाशेन या शास्त्रज्ञांना ते दोन निरनिराळ्या वायूंचं मिश्रण वाटलं. उलगडा केला हायझेनबर्गने, १९२६ मध्ये.

म्हणजे स्पिन प्रकाश पुरवत नाही, पण कोणाला उतरता येईल ते ठरवतो. मामांचा हात भलत्याच ठिकाणी नव्हता.

धागाकर्ता

फोनवर सगळं वाचून दाखवलं. १७० पटीवर "गोळो नसात, दुसरा काय आसात" एवढंच म्हणाले. हजाराव्या भागावर मात्र गप्प झाले आणि कॅल्क्युलेटर मागवला. आज सकाळी उलटा प्रश्न: हेलियमची नळी कुठे मिळेल?

प्रतिसाद: रत्नांग्रीकर

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते, विचारून बघा. तिला काही हजार व्होल्ट लागतात, तेव्हा मामा इंजिनवाले असले तरी एकट्याने लावू देऊ नका. आणि सीडीऐवजी डीव्हीडीचा तुकडा बसवा, तिच्या रेघा दुपटीने दाट असतात. मीठ आणि हेलियम शेजारी शेजारी वेगळे दिसायला हवे असतील तर ब्लेडमधली फटही कमी करावी लागेल.