नटाचे कोपरे झिजू नयेत म्हणून कोणता पाना वापरावा?

रविवारचा_कारागीर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या रविवारी मोटारसायकलचे इंजिन ऑइल घरीच बदलायला बसलो होतो. तळाच्या ड्रेन बोल्टला १७ चा पाना लागतो, परंतु माझ्याकडे फक्त स्क्रू पाना (स्क्रू फिरवून जबडा लहान-मोठा करता येणारा) होता. तो आवळून बसवला आणि जोर दिला, तोच पाना सटकला, बोटांची सालटी निघाली आणि बोल्टच्या सहापैकी तीन कोपऱ्यांची धार गेली. बोल्ट मात्र जागचा हललेला नाही. दुकानात चौकशी केली, तेव्हा दुकानदारांनी फिक्स पाना, रिंग पाना, गोटी (दांड्याच्या टोकाला लावून नटावर टोपीसारखी बसवायची), एलन की (डोक्यात षटकोनी खळगा असलेल्या बोल्टची) असे कितीतरी प्रकार समोर ठेवले. कामाच्या दृष्टीने यांत खरा फरक कोणता, आणि हा बोल्ट आता कसा काढावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_फिटर

कारखान्याच्या देखभाल विभागात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पाना पाहताना एकच गोष्ट आधी पाहावी: तो नटाला किती ठिकाणी धरतो.

फिक्स पाना समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला की त्याचा जबडा किंचित फाकतो, आणि मग सगळा भार सपाट बाजूवरून सरकून कोपऱ्यांवर येतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढतो, त्याला फाकायला वावच नसतो. म्हणून घट्ट बसलेला नट सोडवताना आणि शेवटचे कसताना रिंग किंवा गोटीच वापरावी. फिक्स पाना मधल्या फिरवण्यासाठी, आणि जिथे वरून रिंग घालताच येत नाही अशा नळीच्या जोडासारख्या जागांसाठी ठेवावा. त्याचे तोंड दांड्याशी साधारण १५ अंशांनी तिरके असते, ते उगाच नव्हे. अडचणीच्या जागी पाना प्रत्येक वेळी उलटा करून लावला, तर केवळ ३० अंशांच्या हालचालीतही नट पुढे सरकत राहतो.

रिंग आणि गोटीतही दोन प्रकार आहेत. बारा खाचांची दर ३० अंशांवर बसते, म्हणून सोयीची; सहा खाचांची दर ६० अंशांवर बसते, पण तिचा भार कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. तुमच्या बोल्टला सहा खाचांचीच गोटी हवी. ती हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा, दांडा सरळ धरा, आणि झटका न देता सलग जोर लावा. तरीही सटकली, तर व्हाइस ग्रिपने, म्हणजे आवळल्यावर जागीच अडकून राहणाऱ्या पकडीने, डोके आवळून पाहा. बोल्ट खालून आहे, तेव्हा दिशा ठरवताना त्याच्या डोक्याकडे पाहूनच घड्याळाच्या उलट फिरवा. वरून वाकून पाहत उलट्या दिशेने कसत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

स्क्रू पाना वाईट नव्हे, पण त्याचा हलता जबडा कमजोर असतो. मुख्य भार स्थिर जबड्यावर यावा, यासाठी हलता जबडा ज्या बाजूला असेल त्याच बाजूकडे दांडा ओढावा.

नळजोडणी

वरील उत्तरात पाइप पान्याचा उल्लेख राहिला, म्हणून तेवढेच लिहितो. अमेरिकेतील डॅनियल स्टिलसन यांनी १८६९ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही जवळपास तशीच आहे. तिचा वरचा जबडा मुद्दाम थोडा सैल असतो; दांडा ओढला की तो कलतो आणि दात गोल पाइपमध्ये रुततात, म्हणजे जितका जोर अधिक तितकी पकड अधिक. त्यामुळे हा पाना एकाच दिशेने धरतो. ज्या दातांमुळे पाइप सुटत नाही, तेच दात षटकोनी नटाचे कोपरे खातात. ड्रेन बोल्टला तो कृपया लावू नये, आणि नळाच्या चकचकीत नटालाही नको.

रविवारचा_कारागीर

आपणा दोघांचे मनापासून आभार. सहा खाचांची गोटी ठोकून बसवली आणि दुसऱ्याच प्रयत्नात बोल्ट सुटला. नवा बोल्ट आणला आहे. तो किती कसावा? आणि संच घ्यायचा झाल्यास कोणती मापे पुरतील?

आटे_जपा

कसण्याचा प्रश्न विचारलात हे फार बरे केले, कारण इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातले आटे गेले की खर्च मोठा होतो. वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर १५ किलो वजनाइतका जोर लावला, तर बोल्टवर सुमारे ३० न्यूटन-मीटर पीळ येतो. त्याच पान्याला पोकळ नळी लावून लांबी साठ सेंटीमीटर केली, तर तेवढ्याच जोराने तो ९० च्या आसपास जातो, आणि हाताला काहीच जाणवत नाही. म्हणून कसताना नळी कधीही लावू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाहून टॉर्क पाना (ठरवलेला पीळ आला की आवाज करून सांगणारा) वापरावा, आणि बोल्टखालची वॉशर दर वेळी नवी घालावी.

मापांविषयी: पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो, बोल्टची जाडी नव्हे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे १० चा पाना लागतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टला मात्र जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा १२ चा आणि युरोपीय पद्धतीत १३ चा लागतो. गाडी जपानी पद्धतीची असेल, तर ८, १०, १२, १४ आणि १७ या पाच सहा-खाची गोट्या, तीच मापे मिळतील तशी रिंग पान्यांत, आणि एक रॅचेट (गोटी न काढता पुढे-मागे हलवून फिरवायचा दांडा) यावर घरचे बहुतेक काम भागते. १२ च्या नटावर १३ चा पाना चालवून घेऊ नये. एका मिलिमीटरची ती ढिलाई कोपरे झिजवायला पुरेशी असते.

टॉर्क पाना मुठीच्या जागीच धरावा आणि 'टक्' आवाज आला की तिथेच थांबावे. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला तो वापरू नये. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यापर्यंत सैल करून मगच तो पेटीत ठेवावा.