सल्ला हवा: रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन औषधांचा अभ्यास कसा करावा?

वऱ्हाडी पाऊलवाट
नमस्कार. मी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून पुढील सत्रात माझी नेमणूक रुग्णवाहिकेवर होणार आहे. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅडेनोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, नॅलोक्सोन यांच्या मात्रा मी तक्त्यावरून पाठ करतो, परंतु काही दिवसांतच आकडे एकमेकांत मिसळतात. औषधशास्त्राचे मोठे पुस्तक मुळापासून वाचावे, की तक्ताच पक्का करावा? आमच्या भागात फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण अधिक येतात, त्यामुळे त्याविषयी विशेष मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

रातपाळी
मी कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयात अपघात विभाग पाहतो. मोठे पुस्तक मुळापासून वाचण्याची गरज नाही, पण स्वायत्त मज्जासंस्थेचे (नाडी, घाम, लाळ अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचे) प्रकरण मात्र वहीत आकृत्या काढून नीट वाचा, कारण तुमच्या पेटीतील अनेक औषधे त्या एका प्रकरणात बसतात. कोणता रिसेप्टर (पेशीवरील, औषध जिथे जाऊन बसते ती जागा) कुठे आहे आणि तो उत्तेजित झाल्यावर काय होते, हे कळले की औषध आठवावे लागत नाही.

अ‍ॅड्रेनालिन घ्या. अल्फा-१ या रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बीटा-१ मुळे हृदयाचे ठोके आणि जोर वाढतो, बीटा-२ मुळे श्वासनलिका सैल होतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत, रक्तदाब कोसळलेला असतो, घसा व त्वचा सुजलेली असते आणि छातीत घरघर असते. या तिन्ही गोष्टींवर एकाच वेळी काम करणारे दुसरे औषध पेटीत नाही. म्हणूनच प्रौढाला १:१००० तीव्रतेचे (१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम) ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत प्रथम द्यायचे आणि गरज भासल्यास पाच मिनिटांनी पुन्हा द्यायचे. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला मात्र तेच औषध १ मिलिग्रॅम शिरेतून, दर तीन ते पाच मिनिटांनी दिले जाते. नाडी चालू असलेल्या माणसाला ही दुसरी मात्रा शिरेतून ढकलली, तर घातक अतालता (ठोक्यांची लय बिघडणे) उद्भवू शकते. त्यामुळे अ‍ॅड्रेनालिनचा आकडा मार्ग आणि तीव्रता यांच्याशिवाय कधीच पाठ करू नका.

आता तुमच्या फवारणीच्या प्रश्नाकडे वळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले होते, हे आपणास ठाऊक असेलच. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणारे रसायन, जे हे विकर एरवी मोडते, साचत जाते आणि रुग्णाला घाम, लाळ, उलट्या, जुलाब सुरू होऊन छाती स्रावांनी भरते. अ‍ॅट्रोपिन केवळ मस्कारिनिक रिसेप्टर (या रसायनाचे ग्रंथी व हृदयावरील रिसेप्टर) अडवते, म्हणून ते स्राव आणि मंद नाडी सुधारते, परंतु स्नायूंची दुर्बलता सुधारत नाही. श्वासाचे स्नायू थकत असतील, तर अ‍ॅट्रोपिन कितीही दिले तरी अंबूबॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लागणारच.

अ‍ॅट्रोपिनची सुरुवात साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमने करतात, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अ‍ॅम्प्यूल. अपेक्षित परिणाम न दिसल्यास दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते. मंद नाडीसाठी हेच औषध एकूण ३ मिलिग्रॅमवर थांबते, पण येथे तशी कमाल मर्यादा नाही. छातीतील आवाज स्वच्छ होणे, नाडी ८० च्या वर जाणे, वरचा रक्तदाब ८० पेक्षा अधिक राहणे आणि काख कोरडी होणे या खुणांवर थांबायचे. डोळ्यांच्या बाहुल्यांवर विसंबू नका. त्या उशिरापर्यंत बारीक राहू शकतात.

आमच्याकडे याच्या नेमका उलट धडा विंचू देतो. लाल विंचवाच्या दंशानंतरही रुग्ण घामाने भिजतो, उलट्या करतो आणि त्याला लाळ सुटते, म्हणून नवख्या माणसाचा हात अ‍ॅट्रोपिनकडे जातो. तेथे ते देऊ नये, कारण विषामुळे उसळलेल्या अ‍ॅड्रेनर्जिक वादळात (अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांच्या लाटेत) नाडी व रक्तदाब त्याने आणखी वाढतात. हातपाय गार पडलेले असतील, तर गरज अल्फा-१ अडवणाऱ्या प्राझोसिनची असते. या गोळीचा विंचूदंशातील उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला. गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच न्यावे, कारण उठून बसताच रक्तदाब घसरू शकतो.

औषधवेल
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. शिकवण्याच्या अनुभवावरून दोन गोष्टींची भर घालते. पहिली म्हणजे काळ. अ‍ॅडेनोसिन या अतिवेगवान धडधड थांबवणाऱ्या औषधाचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) दहा सेकंदांहूनही कमी असल्याने ६ मिलिग्रॅमची मात्रा हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून झटकन देऊन लगेच २० मिलिलिटर सलाईन ढकलावे लागते. मनगटाजवळच्या बारीक शिरेतून सावकाश दिल्यास ते वाटेतच संपते. नॅलोक्सोन या ओपिऑइडांच्या (अफूवर्गीय औषधांच्या) उताऱ्याचा धोका निराळा आहे. त्याचा परिणाम बहुतेक ओपिऑइडांपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे शुद्धीवर येऊन बोलू लागलेल्या रुग्णाचा श्वास तासाभरात पुन्हा मंदावू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब. मॅग्नेशियम सल्फेटच्या ५० टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटर अ‍ॅम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असते. झटके येणाऱ्या गर्भवतीला शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे, तर चार अ‍ॅम्प्यूल म्हणजे ८ मिलिलिटर, त्यात १२ मिलिलिटर सलाईन मिसळून २० टक्क्यांचे २० मिलिलिटर द्रावण होते आणि ते सावकाश द्यायचे असते. हा हिशेब कागदावर करून पाहिला की पाठ करावा लागत नाही. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी झाली तर पुढील मात्रा थांबवावी, कारण त्यानंतरची पायरी श्वास बंद पडण्याची असते. कॅल्शियम ग्लुकोनेट हा मॅग्नेशियमचा उतारा म्हणूनच शेजारच्या कप्प्यात हवे.

वऱ्हाडी पाऊलवाट
मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला प्रथम एव्हिल (अ‍ॅलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) देताना मी अनेकदा पाहिले आहे. तो क्रम चुकीचा समजावा का?

रातपाळी
केवळ अंगावर पित्त उठले असेल, तर एव्हिल पुरेसे ठरते. परंतु श्वास किंवा रक्तदाब बिघडला असेल, तर तो क्रम चुकीचाच आहे. एव्हिल हिस्टामिनला अडवते, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाही, आणि स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. अ‍ॅड्रेनालिन दिल्यानंतर ती दोन्ही सवडीने देता येतात. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करा, आणि दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करून चालवू मात्र नका.

घाटरस्ता
मी गाडीवरचाच माणूस. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतात, त्यामुळे औषध त्यांच्या सूचनेने किंवा ठरलेल्या प्रोटोकॉलनेच द्यावे. सूचना मिळाली की औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग मोठ्याने परत म्हणून दाखवावा. पाळी सुरू होताच पेटी उघडून प्रत्येक अ‍ॅम्प्यूलवरील तीव्रता आणि मुदत स्वतः वाचा, कारण पुरवठा बदलला की त्याच औषधाची निराळी तीव्रता आलेली असू शकते. अ‍ॅड्रेनालिन गुलाबी किंवा तपकिरी झाले असेल, तर ते बाजूला काढून बदलून घ्या. उन्हाळ्यात पेटी डॅशबोर्डजवळ ठेवू नये. भरलेल्या सिरिंजवर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि औषध दिल्याची वेळ त्याच क्षणी नोंदवा, कारण रुग्णालयात पोहोचल्यावर तेथील डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.